मांजरांचे सुके खाद्य : माल ताजा कसा राखावा?

व्यापारी बंधूंनो, कापडाच्या धंद्यात हयात घालवलेल्या माणसाने मांजरांच्या खाण्यावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण कापड आणि मांजर यांचे नाते जुने आहे. जिथे थानांची थप्पी लागते तिथे उंदीर येतो. एका रात्रीत तो दहा थानांची किनार कुरतडून ठेवतो आणि सगळा माल 'कट-पीस'च्या भावात जातो. म्हणून गोदामात मांजर पाळण्याची रीत आमच्या वाडवडिलांपासून आहे. पूर्वी त्याला पाव-दूध, सुकट किंवा मासळीचे डोके मिळे. आता पाकिटातला सुका दाणा आला आहे. शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावीही तो विकला जातो.

आपल्या मोहल्ल्यांतील पुष्कळ तरुणांनी या मालाचे दुकान थाटले आहे. कोणी किराण्याच्या दुकानातच एक गोणी उघडून सुटा दाणा विकतो. धंदा हलाल आहे, गिऱ्हाईक बांधलेले राहते आणि भांडवलही फार लागत नाही. परंतु हा माल कापडासारखा नाही. कापड दोन वर्षे पडून राहिले तरी रमजानच्या सेलमध्ये निघून जाते. दाणा एकदा बिघडला की त्याला भाव उरत नाही, आणि बिघडलेला दाणा विकला तर मुक्या जीवाची हानी होते. म्हणून हा माल कसा राखावा, याची माहिती येथे देत आहे.

दाणा कसा बनतो?

साठवणीचे नियम समजण्यासाठी आधी माल समजला पाहिजे. मका, तांदूळ किंवा गव्हाचे पीठ आणि कोंबडीचे अथवा मासळीचे वाळवलेले चूर्ण एकत्र करून, वाफ आणि दाब देऊन यंत्रात शिजवतात. हे पीठ साच्याच्या भोकातून बाहेर पडते तेव्हा दाब एकदम सुटतो आणि दाणा कुरमुऱ्यासारखा फुगतो. मग तो वाळवतात. शेवटी त्यावर चरबी किंवा तेल आणि चवीचा अर्क फवारतात. ही पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकात कुत्र्यांच्या खाद्यासाठी रूढ झाली आणि नंतर मांजरांच्या खाद्यालाही लागू झाली.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, दाणा आत पोकळ व कोरडा असतो. चांगल्या दाण्यात पाण्याचा अंश साधारणपणे शेकडा दहापेक्षा कमी असतो. त्यामुळे तो भोवतालची ओल सुतासारखी ओढून घेतो. दुसरी, त्याच्या अंगावर चरबीचा थर असतो. मांजर ज्या वासाने वाडग्याकडे धावते, तो वास याच थराचा. आणि माल बिघडायला सुरुवातही याच थरापासून होते.

चार दुश्मन

पहिला दुश्मन हवा. चरबीला हवा लागली की ती हळूहळू खवट होते. जुन्या फरसाणाला किंवा तळणीच्या शिळ्या तेलाला जो वास येतो, तोच हा प्रकार. हे टाळण्यासाठी कारखानदार दाण्यात 'ई' जीवनसत्त्वाच्या जातीची किंवा रासायनिक रक्षक द्रव्ये घालतात आणि जाड, अनेक पदरी पिशवी वापरतात. पिशवी बंद असेपर्यंत ही व्यवस्था चालते. पिशवी उघडली की रक्षक द्रव्य दररोज खर्ची पडू लागते. म्हणूनच पाकिटावर छापलेली मुदत ही बंद पाकिटाची असते, उघडलेल्या पाकिटाची नव्हे. ही एक गोष्ट निम्म्या दुकानदारांच्या ध्यानात नसते.

दुसरा दुश्मन उष्णता आणि उजेड. यांनी खवटपणा लवकर येतो, आणि 'अ' व 'बी-१' यांसारखी जीवनसत्त्वे घटतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा की सुके खाद्य ८० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावे. आपल्याकडे मालेगाव-सोलापूरच्या उन्हाळ्यात हे कठीण आहे. तरी पत्र्याखालचा माळा आणि तळमजल्याचा आतला कोपरा यांत पुष्कळ अंशांचा फरक असतो, तो साधावा. दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात गोणी मांडून ठेवणे म्हणजे आपल्या हाताने माल म्हातारा करणे होय.

तिसरा दुश्मन ओल. जून ते सप्टेंबर भिवंडी, मुंबई आणि कोकणपट्टीत हवेतील आर्द्रता अनेक दिवस ८५-९० टक्क्यांवर असते. उघडा दाणा अशा हवेत लवकरच मऊ पडतो, आणि मऊ दाण्यावर बुरशी धरते. काही बुरशींपासून 'अफ्लाटॉक्सिन' नावाचे विष तयार होते, ते यकृतावर घाव घालते. हे विष डोळ्यांना दिसत नाही, आणि दाणा उन्हात वाळवल्याने किंवा भाजल्यानेही ते पुरते जात नाही. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत याच विषामुळे पाळीव जनावरांचे खाद्य बाजारातून परत मागवावे लागले आणि अनेक कुत्री दगावली. तेव्हा 'थोडीशी बुरशी आहे, झटकून टाकू' हा विचार मनातही आणू नये.

चौथा दुश्मन कीड. टोके, सोनकिडे आणि धान्यात जाळे करणारी बारीक पाखरे या दाण्यावर तशीच येतात जशी गव्हा-तांदळावर. पुष्कळदा ती शेजारच्या तांदळाच्या पोत्यातून येतात. म्हणून किराण्याच्या दुकानात धान्य आणि मांजराचा दाणा एकमेकांना खेटून ठेवू नयेत.

गोदामात ठेवताना

गोणी थेट फरशीवर ठेवू नये. खाली लाकडी फळ्या घालाव्यात आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे. भिंत पाणी शोषते आणि गोणीला देते. कापडाच्या गाठींसाठी आपण हेच करतो. थप्पी फार उंच करू नये, कारण तळातल्या गोणीतील दाण्याचा भुगा होतो आणि भुग्याला खवटपणा लवकर धरतो. ज्या गोणीला भोक पडले असेल ती बाजूला काढावी. भोक चिकटपट्टीने झाकून ती थप्पीत परत सरकवू नये.

आधी आलेला माल आधी निघाला पाहिजे. नवी खेप आली की ती मागे लावावी आणि जुनी पुढे ओढावी. यात आळस झाला की सहा महिन्यांनी मागच्या रांगेत मुदत संपलेल्या गोण्या सापडतात. प्रत्येक गोणीवर आल्याची तारीख खडूने किंवा मार्करने मोठ्या अक्षरांत लिहावी.

आता कापडवाल्यांसाठी एक खास सूचना. आपल्या गोदामात डांबर गोळ्या असतात. त्यांचा वास दाण्याला लागतो, आणि त्या मांजराच्या पोटात गेल्या तर विषारी ठरतात. जिथे डांबर गोळ्या आहेत तिथे दाणा नको आणि मांजरही नको. उंदरांचे औषध घालायचे असेल तर मांजर पाळू नये, कारण औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर दोघेही जातात. मुंग्यांसाठी डब्याभोवती औषधी खडू ओढू नये. त्यातील औषध माणसापेक्षा मांजराला फार लवकर बाधते. त्याऐवजी वाडगा पाणी घातलेल्या परातीत ठेवावा. आणि धान्यात घालायच्या गॅसच्या गोळ्या घरात किंवा दुकानात कदापि वापरू नयेत. त्यांच्या गॅसने माणसे मेली आहेत.

गोणी उघडल्यानंतर

खरी परीक्षा इथून सुरू होते. बहुतेक दुकानदार गोणी उघडून दाणा प्लॅस्टिकच्या पिंपात ओततात, वर झाकण ठेवतात आणि दिवसभर ते उघडेच राहते. पिंप अर्धे झाले की त्यात नवी गोणी ओततात. दिसायला सोय आहे, पण नुकसान यातच आहे. दाण्याची चरबी पिंपाच्या भिंतींना चिकटते आणि तळाशी भुगा साचतो. हा थर महिनोन्महिने तिथेच खवट होत राहतो आणि वरून ओतलेल्या ताज्या मालालाही आपला वास लावतो. दह्याच्या विरजणाने दूध लागावे तसे होते.

योग्य पद्धत अशी. दाणा गोणीतून बाहेर ओतू नये, गोणीच झाकणाच्या पिंपात उभी ठेवावी. कारखान्याची पिशवी हवा व ओल अडवण्यासाठीच केलेली असते, पिंप तिला उंदीर-घुशींपासून वाचवते. माल काढून झाला की पिशवीचे तोंड दाबून आतली हवा काढावी, तीन-चार घड्या घालाव्यात आणि चिमटा लावावा. पिंप खाण्याच्या वस्तूंसाठी बनलेले असावे. रंगाचे, ऑइलचे किंवा साबणाचे जुने पिंप चालत नाही. गोणी संपली की पिंप गरम पाण्याने व साबणाने धुवून पुरते कोरडे करावे. पाण्याचा एक थेंबही राहता कामा नये.

फ्रिजमध्ये ठेवावे का, असे गिऱ्हाईक विचारते. ठेवू नये. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या थंड पिशवीत बाहेरची दमट हवा शिरते आणि दाण्यावर पाणी धरते. पत्र्याचा डबा पत्र्याच्या छपराखाली ठेवला तरी हेच होते. दिवसा तापतो, रात्री गार पडतो आणि झाकणाच्या आतून दव धरते.

काढण्यासाठी कोरडे माप ठेवावे, हात घालू नये. हाताची ओल मालाला लागते, आणि अशा खाद्यात कधीकधी माणसाला आजारी पाडणारे जंतूही असतात. म्हणून दाणा हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि तेच माप स्वयंपाकघरात वापरू नये.

किलो-अर्ध्या किलोच्या पिशव्या आधीच भरून ठेवणाऱ्यांनी वजनमापांचा कायदा ध्यानात ठेवावा. बांधून ठेवलेल्या मालावर भरणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि कमाल किंमत ही माहिती लागते. मूळ गोणीवरील बॅच क्रमांक आणि मुदतही पिशवीवर लिहावी, आणि गोणी संपेपर्यंत तिचे छापील तोंड कापून फेकू नये. उद्या कंपनीने एखादी खेप परत मागवली तर आपला माल त्यातला आहे की नाही, हे त्याच क्रमांकावरून कळेल.

आणखी एक. परदेशी मालाच्या पाकिटावरील घटकांची यादी वाचून मगच माल घ्यावा. त्यात डुकराच्या मांसाचा उल्लेख असेल तर आपण त्याच्या वाटेला जाऊ नये, आणि शंका असेल तर मुफ्ती साहेबांना विचारावे.

किती दिवसांत संपवावे?

उघडलेली गोणी महिना ते दीड महिन्यात संपली पाहिजे, आणि पावसाळ्यात महिन्याच्या आतच. यासाठी साधा हिशोब करावा. चार किलो वजनाचे मोठे मांजर दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम सुका दाणा खाते. म्हणजे महिन्याला दीड ते पावणेदोन किलो. घरात एकच मांजर असलेल्या गिऱ्हाइकाने स्वस्त पडते म्हणून दहा किलोची गोणी नेली तर ती साडेपाच-सहा महिने पुरेल, आणि शेवटचे चार महिने मांजर खवट दाणा खाईल. अशा गिऱ्हाइकाला लहान पाकीट देणे हाच प्रामाणिक सल्ला. ज्याच्याकडे पाच-सहा मांजरे आहेत त्याला मोठी गोणी खुशाल द्यावी.

खराब माल कसा ओळखावा?

मूठभर दाणे कागदावर पसरावेत. ताजा दाणा दाबला की कडकन तुटतो, ओल धरलेला चेपतो. ताज्या दाण्याला मांसाचा किंवा मासळीचा वास असतो, खवट दाण्याला तेलकट रंगाचा किंवा जुन्या तळणीचा. कागदावर भुग्यासारखे हलताना दिसले, दाणे एकमेकांना जाळ्याने चिकटलेले असले किंवा पांढरी-हिरवी लव दिसली, तर अख्खी गोणी बाद समजावी. सर्वांत पक्का पारखी मात्र मांजर स्वतः. रोज आवडीने खाणारे मांजर नवी पिशवी उघडल्यावर वाडग्यावरून तोंड फिरवू लागले तर आधी मालावर संशय घ्यावा. 'भूक लागली की खाईल' म्हणून तेच पुढे ठेवू नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचून जीवावर बेतते. खाणे बदलून पाहावे आणि तरी खात नसेल तर जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

नफा कुठे जातो?

समजा, दहा किलोची गोणी २२० रुपये किलोने घेतली, २२०० रुपये झाले. विक्री २५० रुपये किलोने. सगळा माल विकला तर ३०० रुपये सुटतात. पण तळातला दोन किलो दाणा मऊ पडला आणि फेकावा लागला, तर हाती आठ किलोचे २००० रुपये येतात. म्हणजे नफा तर गेलाच, शिवाय २०० रुपये घरचे गेले. दोन किलोच्या बिघाडाने अख्ख्या गोणीची मेहनत बुडाली. पिंप, चिमटे आणि लाकडी फळ्या यांना एकदाच खर्च येतो. तो खर्च करायचा कंटाळा करणारा दुकानदार तेच पैसे दर पावसाळ्यात गटारात टाकत असतो.

आणि इथेच सैतान कानाशी येतो. भिवंडीत माझ्या ओळखीच्या एका तरुणाने, घरचे यंत्रमाग बंद पडल्यावर, उसने पैसे घेऊन असे दुकान काढले. गिऱ्हाइकाला पाच चवी एकदम दाखवाव्यात म्हणून त्याने जूनमध्ये पाच गोण्या उघडल्या. जुलैच्या मध्यावर तीन गोण्यांचा दाणा मऊ पडला, एकीत लव दिसली. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, नव्या गोणीत थोडा थोडा मिसळून दिला तर कळणार नाही. कर्ज डोक्यावर आहे."

त्याची अडचण खोटी नव्हती. घरात खाणारी सहा तोंडे. पण मी त्याला बाजारातल्या त्या प्रसंगाची आठवण दिली, जो आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीपाशी थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, बोटांना आत ओल लागली. विचारल्यावर मालक म्हणाला की पाऊस लागला. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि बजावले की फसवणूक करणारा आपल्यातला नाही. ही हदीस हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितली आहे. त्यांचे हे नावच मांजराच्या पिलावरून पडले, हेही वाचकांना ठाऊक असेल.

मी म्हणालो, "बेटा, त्या राशीत आणि तुझ्या पिंपात फरक काय? तिथे गिऱ्हाईक निदान घरी जाऊन तक्रार करू शकत होते. इथे खाणाऱ्याला तोंड आहे, पण बोलता येत नाही."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने तीन गोण्यांचा उरलेला माल फेकला. गल्लीतल्या मांजरांनाही घातला नाही आणि कोंबडीवाल्यालाही दिला नाही, कारण जे आपल्या गिऱ्हाइकाच्या मांजराला विष ते त्यांनाही विषच. ज्यांनी त्या गोण्यांतून माल नेला होता त्यांना बोलावून बदलून दिला. त्या महिन्यात दुकानाचे भाडे त्याने उसने आणून भरले, आणि ते फेडायला त्याला दिवाळी उजाडली. आता तो एका वेळी दोनच गोण्या उघडतो, बाकीच्या चवी लहान बंद पाकिटांत ठेवतो. माल बदलून दिलेल्यांपैकी बहुतेक गिऱ्हाईक आजही त्याच्याकडेच येते.

एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला ना खाऊ घातले ना सोडून दिले, आणि त्यापायी ती शिक्षेस पात्र ठरली, ही हदीसही आपल्याला माहीत आहे. उपाशी ठेवणे हा जसा गुन्हा, तसे जाणूनबुजून खराब खाऊ घालणे हेही त्याच वाटेवरचे आहे.

बंधूंनो, आज दुकान बंद करण्यापूर्वी तीन कामे करावीत. पिंपाच्या तळात हात नव्हे, कोरडे माप घालून तळातला दाणा वर काढावा आणि त्याचा वास घ्यावा. मागच्या रांगेतील गोण्यांवरच्या तारखा वाचाव्यात. आणि जवळपास डांबर गोळी, उंदरांचे औषध किंवा तांदळाचे पोते असेल तर ते हलवावे. या कामाला अर्धा तासही लागत नाही. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या मापाला व मालाला खोटेपणापासून दूर ठेवो. आमीन.